गुदामाच्या दारावरचं वाक्य

आमच्या क्वार्टरसमोर जंगल खात्याचा एक जुना बंगला होता, आणि त्याच्या पडवीत पत्र्याची पाटी ठोकलेली होती. कुण्या इंग्रज साहेबानं आपल्या काळात ती रंगवून घेतली असणार. साहेब गेला, बंगल्याची निम्मी कौलं गेली, आत वटवाघळं राहायला आली, पण पाटी जशीच्या तशी. पाऊस लागायच्या आत मीठ, तांदूळ, तेल आणि थंडीतापावरचं कोयनेल 'ले इन' करून ठेवावं, असा तिचा हुकूम होता. हुकूम ज्यांच्यासाठी होता ते सगळे कधीच मरून नाहीतर बदलून गेले होते. उरले होते एक माझे वडील, ज्यांना ती पाटी वाचता येत होती, आणि दुसरी मी, जिला ती वाचायला शिकावंच लागलं.

वडलांना आम्ही भाऊ म्हणत असू आणि आईला माय. मूळचे आम्ही नागभीडकडचे, धानाच्या मुलखातले. भाऊ लाकडाच्या डेपोवर कारकून झाले आणि बदली होत होत भामरागडच्या अलीकडच्या या माडिया गावात येऊन पडले. उन्हाळाभर डेपोवर गाड्या, बैल, ठेकेदाराची माणसं यांचा नुसता गलका असे. मृगाच्या आगेमागे शेवटची गाडी निघून जाई, पर्लकोटा नदी फुगे, आणि मग दिवाळीच्या तोंडापर्यंत आम्ही आणि गाव, दोघंच. ना टपाल, ना दुकान, ना डॉक्टर. शाळा तर नव्हतीच, म्हणून माझी शाळा म्हणजे भाऊ. संध्याकाळी मी कंदिलाची काच राखेनं पुसून ठेवली की ते पाटावर बसत आणि एक इंग्रजी शब्द देत. त्याची वाक्यं करायची. चुकलं तर पुन्हा. भाऊ रागीट नव्हते, पण त्यांच्या त्या 'पुन्हा'ला मी जितकी भ्याले तितकी पुढे नोकरीत कुठल्या हेडबाईंनाही भ्याले नाही.

'ले इन'चा अर्थ त्यांनी मला नीट समजावून सांगितला होता. ले म्हणजे ठेवणे, इन म्हणजे आत, पण दोघं जोडीनं आले की नुसतं आत ठेवणे नव्हे. पुढे वाट बंद होणार आहे हे ओळखून, लागेल ते आधीच आणून भरून ठेवणे. इंग्रजांनी अर्ध्या जगावर राज्य केलं ते या एका शब्दाच्या जोरावर, असंही ते म्हणाले. माय चुलीपुढे अंबाडीची भाजी घोटत होती. तिनं मान न वळवता म्हटलं, "म्हंजे बेगमी." भाऊंना ते रुचलं नाही. बेगमी बायका करतात, हे काम योजनेचं आहे, असं काहीसं त्यांनी तिला सुनावलं. माय म्हणाली, योजनेले बी पोटच असते ना. मी पाच वाक्यं करून मोकळी झाले.

मी पुढे आयुष्यभर मुलींना इंग्रजीच शिकवलं. हा शब्द फारसा कधी भेटला नाही. माझी नात म्हणते, आजी, असं आता कुणी बोलत नाही. तिचं खरं आहे. ती फोनवर बोट दाबते आणि दारात कोथिंबीर येते, तिला कशाला लागेल 'ले इन'. पण परवा तिच्या एका पुस्तकाच्या मागे तो दिसला, समोर नुसतं 'साठा करणे' असं छापलेलं, आणि माझ्या जिभेवर मीठ आलं. धुराचा वास लागलेलं मीठ. तेवढ्यावरून हे लिहायला बसले आहे.

मायची बेगमी बघण्यासारखी असे. चैत लागला की ती घरात कुणाला स्वस्थ बसू देत नसे. धान तणसाच्या पुड्यात, लाखोळीची डाळ राखेत, चिंचेचे गोळे, वाळवलेले मोह, लाकडं रचून पडवी छातीपर्यंत भरलेली. प्रत्येक वस्तू ठेवताना ती कुणाचं तरी नाव घेई. हे बारक्याचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. हे कुणी आजारी पडलं तर. हे पाव्हण्याचं. पाव्हणा कुठून येणार होता पुरात, ते देवच जाणे, पण त्याचं दरसाल ठेवलेलं असे. मीठ मात्र ती मडक्यात भरून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवी, आणि गावातल्या बायकाही रानवेलीच्या रुंद पानांत मिठाचा गोळा बांधून चुलीवर आढ्याला टांगत. त्या गोळ्यावर काजळी चढून तो काळाठिक्कर होई. मिठाला धूर नाही लागला तर पावसाळ्यात त्याचं पाणी होतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भाऊंनाही माहीत होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याचा मला इतकी वर्षं राग येत राहिला.

गावाला मीठ मिळे ते सडकेवरच्या एका शेठकडून. तो उन्हाळ्यात गाडी घेऊन येई आणि एक माप चारोळी घेऊन एक माप मीठ देई. अख्खा उन्हाळा झाडांखाली वाकून वेचलेली, फोडलेली चारोळी, आणि तिच्या बदल्यात खडेमीठ. भाऊंना हे बघवत नसे. त्या वर्षी त्यांनी मासा गायत्याला बोलावलं. मासा हे त्याचं नाव, गायता म्हणजे गावाचा पुजारी, आणि गावाचा शब्दही तोच. मासा गायता उंच, वाळलेला माणूस होता, बोलण्याआधी तो इतका वेळ घेई की समोरच्याला वाटे याला ऐकूच आलं नाही. भाऊंनी त्याला सांगितलं की यंदा शेठला चारोळी देऊ नका. माझ्याकडे द्या, मी आलापल्लीला नेऊन विकतो आणि पावसाळाभर पुरेल इतकं मीठ साऱ्या गावासाठी आणून ठेवतो. गायत्यानं चोंगी ओढून संपवली, राख झटकली आणि हो म्हटलं. शेठची गाडी आली ती रिकामी गेली. जाताना तो भाऊंना हात जोडून म्हणाला, "बाबूजी, पानी में इनको आप ही संभालना." त्यात धमकी नव्हती, पण मायला ते लागून राहिलं.

शेवटच्या गाड्यांबरोबर मीठ आलं. पोत्यांवर पोती. डेपोचं गुदाम पावसाळ्यात रिकामंच असे. पत्र्याचं छप्पर, दगडी फरशी, खिडकी नाही, आणि दाराला सरकारी कुलूप. तिथं ती पोती छतापर्यंत रचली. माय म्हणाली, वाटून देऊन टाका, ज्याचं त्याच्या घरी जाऊ द्या. भाऊ म्हणाले, नाही. एकदम दिलं तर हे लोक दोन महिन्यांत उडवतील, नाहीतर नदी चढायच्या आधी कुणी शिपाई येऊन त्यांच्या कोंबड्या नेतात तसं मीठही उचलून नेईल. मी दर आठवड्याला माप घालीन. तेव्हा माय जे बोलली ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण ती भाऊंशी असं क्वचित बोले.

"मीठ त्याईचं, गुदाम सरकारचं, अन् किल्ली तुमची. हे कसं जमते मले सांगा."

भाऊंनी कुलूप ओढून बघितलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांना फक्त असं वाटे की आपल्याला या लोकांपेक्षा पुढचं दिसतं. त्या संध्याकाळी ते इतके खुशीत होते की मी केलेलं वाक्य ऐकून उठलेच. डेपोत लाकडावर नंबर टाकायचा जाड खडू होता, तो माझ्या हातात दिला आणि गुदामाच्या दारावर ते वाक्य मला लिहायला लावलं. माय फादर हॅज लेड इन सॉल्ट फॉर द होल व्हिलेज. आयुष्यातलं माझं पहिलं बिनचूक वाक्य. वळचणीच्या आत असल्यामुळे त्याला पाऊस लागत नव्हता, आणि गावात ते कुणाला वाचता येत नव्हतं.

सुरुवातीला सगळं ठरल्यासारखं चाललं. भाऊ कुलूप उघडत, बायका टोपल्या घेऊन येत, माप पडे. मग श्रावणात भाऊंना थंडीताप भरला. असा की तीन घोंगड्या टाकूनही खाट वाजायची. किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली. मापाचा दिवस आला तशी माणसं दारात येऊन उकिडवी बसली, भाऊंची दशा बघितली आणि परत गेली. मायनं किल्ली मागितली. तापात भाऊंनी ती मुठीत धरली आणि म्हणाले, मी उठतो, मीच देतो, शब्द मी दिला आहे. ते उठले नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाही. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पत्र्यावर त्याचा असा आवाज होई की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागे, आणि भाऊ मधूनच त्या आवाजावर काहीतरी इंग्रजी बोलत. कोयनेल संपत आलं होतं. मायला एकच काळजी होती, भाऊंची. मिठाकडे तिचं लक्ष गेलं ते शेळ्यांमुळे.

गावभरच्या शेळ्या गुदामाच्या मागे गोळा झाल्या होत्या. पावसात शेळी आसरा सोडत नाही, आणि या तर भिजत उभ्या होत्या. भिंतीच्या पायाला तोंडं लावून, एकमेकींना शिंगांनी ढकलत, चाटत होत्या. मी त्यांना हाकलायला गेले, पण एकही हलेना. माय मागून आली. तिनं खाली वाकून मोरीच्या दगडावरून बोट फिरवलं, तोंडात घातलं, आणि तिथंच चिखलात बसली.

ती घरात गेली, भाऊंच्या करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली घेतली. पण गुदाम तिनं उघडलं नाही. मला म्हणाली, गायत्याले बोलाव, त्याच्यासमोरच उघडतो. तोवर शेळ्यांची बातमी शेळ्यांच्या धन्यांना लागलीच होती. गायता आला तेव्हा त्याच्यामागे निम्मा गाव होता. प्रत्येकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. तिथं पुरुष खांद्यावर कुऱ्हाड टाकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मी त्या कुऱ्हाडी रोज बघत होते आणि त्यांच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी मला दुसरं काही दिसेचना. मायनं बारक्याला कडेवर घेतलं आणि माझा दंड घट्ट धरला.

भाऊ घोंगडी गुंडाळून, भिंतीला धरत धरत आले. कुणी त्यांना वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. दार उघडलं तसा आतून कोंदट गार वास आला. छपराचा एक पत्रा सरकला होता, आणि तिथून पाणी सरळ थप्पीवर पडत होतं. जी पोती छतापर्यंत होती ती आता भाऊंच्या कमरेइतकी उरली होती, ओली, पोटं बसलेली. फरशीवरून पाणी चमकत मोरीकडे जात होतं. मासा गायता आत गेला. त्यानं एका पोत्यावर हात ठेवला तर रिकामं पोतं आत दबलं. हात त्यानं जिभेला लावला. मग तो बाहेर येऊन उभा राहिला आणि त्याची ती सवय, बोलण्याआधी वेळ घ्यायची, त्या दिवशी मला सहन होईना.

बोलला तो नाही, लालसू बोलला. लालसू तरणा होता, त्याची बायको जैनी नुकतीच बाळंतीण झाली होती. शेठला चारोळी न देण्यावर गावात सगळ्यांत आधी तयार झालेला तोच. तो ओरडला नाही.

"शेठ लुटे. पन मीठ देये," तो भाऊंना म्हणाला. "तू लुटलं नाई. दिलंबी नाई."

आपल्या बापाला बोलता येत नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. गायता वळला, आणि सगळे त्याच्यामागे निघून गेले. कुणी दार आपटलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मायला रात्री झोप लागली असती. त्यानंतर आमच्या दाराशी कुणी येईना. एरवी येता जाता बायका वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, टाकून जात, कधी पानात गुंडाळून मुंग्यांची चटणी येई, पोरं बारक्याला उचलून नेत. सगळं थांबलं. विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलून बाजूला होत, मला वाट देत, आणि तेच फार वाईट होतं. संध्याकाळी ढोल वाजेना. पलीकडे नदीचा आवाज आणि अलीकडे सगळी घरं गप्प. जायला वाट नाही, कुणाला सांगावा नाही. माय दिवसासुद्धा आतून कडी लावून बसू लागली. भाऊंनी जेवणातलं मीठ बंद केलं. नदी उतरेपर्यंत अळणी खाईन, एवढंच बोलले. ताप उतरला होता, पण ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. मायनं एकदा म्हटलं, दारावरचं ते पुसून टाकते. ते म्हणाले, राहू दे, मला दिसायला पाहिजे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माय उठली ती विळा घेऊन. गुदामातून एक ओलं पोतं ओढून आणलं आणि पडवीत बसून त्याचे तुकडे करायला लागली. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. तिनं एक तुकडा उकळत्या वरणात बुडवला, काढला, पिळला, आणि वरण मला चाखायला दिलं. खारट होतं. चांगलं खारट. सुतळीचा वास होता, दातात धागा आला, पण मीठ होतं. "पानी झालं म्हून का मीठ मरते का," ती म्हणाली. "कुठी ना कुठी जाऊन बसलंच असन." आपलं घरचं मडकंही तिनं फळीवरून काढलं आणि टोपलीत पालथं केलं. बारक्याचं, पाव्हण्याचं, सगळं. टोपली डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, चाल.

ती सगळ्यांत आधी लालसूच्या घरी गेली. मी तिच्या लुगड्याचा पदर सोडत नव्हते. लालसू दारातच कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, दारातून सरकलाही नाही. पाऊस आमच्या डोक्यावर पडत होता आणि टोपलीतलं मीठ पातळ होऊन मायच्या कपाळावरून ओघळत होतं. डोळ्यांत गेलं असणार, पण तिनं हात लावला नाही. नुसती उभी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग आतून जैनी आली, लेकरू छातीशी, आणि नवऱ्याच्या अंगावरून हात लांब करून तिनं तो पोत्याचा तुकडा उचलला. त्याला हुंगलं. टोक दातांखाली धरून चोखलं. आणि आत जाऊन चुलीवरच्या दोरीला अडकवला. बाळंतिणीनं घरात घेतलेली वस्तू परत करायची नसते, असं लालसू नंतर सांगत फिरला. मला वाटतं त्यालाही दारातून उठायला काहीतरी निमित्त हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा आला, पुन्हा त्याच कुऱ्हाडी. माय आत पळाली नाही, पण बारक्याला तिनं माझ्याकडे दिलं. गायत्याच्या सुनेनं बांबूच्या निमुळत्या टोपल्या आणल्या होत्या. राखेतून खार काढायला त्या बायका अशा टोपल्या वापरत. वरून पाणी घालायचं, खाली थेंब थेंब झिरपतं. शेळ्यांना जे कळलं तेच त्यांना कळलं होतं: मीठ मोरीतून गेलं तेवढं गेलं, पण बाकीचं फरशीखालच्या मातीनं पिऊन ठेवलं असणार. फरशी मात्र सरकारी. तिच्यासमोर सगळे थबकले. तेव्हा खाटेवरून भाऊ उठले. त्यांनी डेपोची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, पहिल्या दगडाच्या सांध्यात घातली आणि सगळं अंग त्यावर टाकलं. अंगात ताकद नव्हती, दगड हलेना. लालसूनं त्यांच्या हातातून सब्बल घेतली. नुसती घेतली आणि दगड उलथला.

पुढचे दिवस गुदामात धूर आणि वाफ. बायका माती गाळत, पाणी आटवत, तळाशी पांढुरका करडा थर राही तो खरवडून घेत. पोत्यांचे तुकडे घरटी वाटले गेले. माप कुणी घातलं नाही. ज्या घरात खाणारी तोंडं जास्त त्यांनी मोठा तुकडा उचलला आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळ्या गावात चुलीवर पोत्याची फडकी लोंबू लागली, आमच्याकडेही. आंबील झाली की फडकं बुडवायचं, पिळायचं, पुन्हा टांगायचं. भादव्यात ती फडकी पांढरी पडत गेली आणि त्यांतून नुसता धुराचा वास उरू लागला. ढोल सुरू झाले होते, विहिरीवर बायका बोलत होत्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळी माय नदीचा आवाज ऐकायची आणि फडकं चाखून बघायची. आधी कोण संपणार, पूर की मीठ, एवढाच प्रश्न गावात होता. भाऊ बायकांना लाकडं फोडून देत, पाणी ओढून देत, आणि घरी येऊन अळणी खात. संध्याकाळचा शब्द त्यांनी बंद केला होता. मी आपली एकटीच मनात वाक्यं करी आणि ती बरोबर की चूक हे सांगायला कुणी नसे.

मग एका सकाळी नदीचा आवाज बदलला. पलीकडच्या काठाची झाडं बुंध्यापर्यंत दिसू लागली. भाऊंनी मला दार पुसायला ओलं फडकं आणायला सांगितलं. आता वाट सुटेल, साहेब येईल, वाचणारे येतील, असं म्हणून ते गुदामाकडे निघाले. मी फडकं घेऊन मागे. त्यांनी दार ओढून घेतलं. माझी अक्षरं सबंध पावसाळा तिथं होती, एकही पुसलं गेलं नव्हतं. भाऊंनी फडक्यासाठी हात पुढे केला, आणि मागून मासा गायता आला. नव्या कोसरीचा पंडुम होता. नवं धान्य आधी देवाला दाखवतात आणि मग सारा गाव मिळून खातो, तो सण. त्याचंच बोलावणं घेऊन तो आला होता. दारावर त्याची नजर गेली.

"इथी काय लिवलं हाय?" त्यानं विचारलं. भाऊंना नाही, मला.

मी भाऊंकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. लाकडाचा नंबर आहे असं मी म्हणू शकले असते, गायत्याला काय कळणार होतं. पण भाऊंनी मला कधी चुकीचा अर्थ सांगितला नव्हता, आणि त्यांच्यासमोर चुकीचा अर्थ सांगायची माझी छाती नव्हती.

"माह्या बापानं साऱ्या गावासाठी मीठ भरून ठेवलं हाय, असं लिवलं हाय," मी म्हणाले. मग राहवेना म्हणून पुढचंही सांगितलं. "म्हंजे वाट सुटेपर्यंत पुरन असं."

मासा गायता अक्षरांजवळ गेला. खालपासून वरपर्यंत त्यानं दार बघितलं, दाराच्या फटीतून आतली उकरलेली जमीन बघितली. त्यानं वेळ घेतला.

"खरं लिवलं हाय," तो म्हणाला. "पुरलं."

भाऊंनी मान वर केली. गायत्यानं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि ते भाऊंना न देता माझ्या खांद्यावर टाकलं.

"पुसू नोको, बाबू. येत्या सालीबी मीठ तूच आन. किल्ली नोको आनू." वर म्हणाला, "गावाले पुरलं ना? मंग तूबी खा. अळणी तोंडानं पंडुमले येऊ नोको."

भाऊ गुदामाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मासा गायता त्यांच्या शेजारी बसला आणि चोंगी भरू लागला. मी तिथं थांबले नाही. धावत घरी गेले आणि मायला सांगितलं, आज भाऊंच्या वरणात चुलीवरचं फडकं बुडव.